रिकामी फेरी

तेव्हा आमच्या बेटावरचं इस्पितळ म्हणजे
सोळा खाटा, एक ईसीजीचं यंत्र
आणि खिडकीबाहेर लाकडी मांडवांवर
वाळत टांगलेला कॉड.
वास सगळीकडे. स्पिरिटच्या बोळ्यालासुद्धा.

मार्चमधल्या एका रात्री आयलर्टला होडीतून आणलं.
जाळी विणणारा माणूस.
मूठ छातीवर, ओठ राखेसारखे.
कागदाच्या पट्टीवर रेघ अशी चढलेली
की डॉक्टर नुसतेच म्हणाले, "हं."

सहीआधी मी त्याला त्याच्याच धंद्यातून सांगितलं:
तुझ्या हृदयाच्या नळीत रक्ताने जाळं विणलंय.
एक औषध आहे, ते वीण कापतं.
पण कापलेल्या टोकांशी
बारीक बारीक हात गोळा होतात, पुन्हा गाठी मारतात.
दुसरं औषध त्या हातांना
गाठ मारायचंच विसरायला लावतं.
तेवढ्या कळांतही तो हसला.
"म्हणजे नुसती कात्री पुरत नाही.
विणणाऱ्यालाही थोडी पाजायला हवी."

मग मी फोन लावला.
दूरच्या शहरातली कुणी झोपाळलेली बाई
वय विचारते, कळ कधी सुरू झाली विचारते,
एक आकडा देते.
त्या आकड्याचा खोका मी फडताळातून काढते.
कुपी तासभर शिरेतून. गोळ्या महिनाभर.
कुपीत औषध असेल, नसेल.
गोळीत असेल, नसेल.
मला माहीत नाही. डॉक्टरांना नाही.
"ही गिळू की चावू?"
"चाव. आणि आंबट लागली तर मला सांगू नकोस."

विसाव्या मिनिटाला त्याचा रक्तदाब घसरला,
दात वाजायला लागले,
मी बाटली हळू केली, पाय उंच केले, धावले,
आणि खरं सांगते, आतून खूश झाले.
मिठाच्या पाण्याने कुणी असं कुडकुडत नाही.

अकरा दिवसांनी इंगवाल्ड आला,
फेरीबोटीवर तिकिटं फाडणारा, हाल्डिसचा नवरा.
तसाच फोन, तसाच खोका,
तीच बाटली त्याच खिळ्याला.
त्याची रात्र शांत गेली.
रक्तदाब पट्टीने आखावा तसा.
त्या शांततेकडे मी पहाटेपर्यंत बघत बसले.
तिसऱ्या दिवशी सदऱ्याचं दुसरं बटण लावता लावता
तो थांबला.

निकाल यायला दोन वर्षं लागली.
एकट्या गोळीने काही माणसं वाचली होती,
एकट्या कुपीने काही,
आणि दोन्ही मिळाली त्यांत जवळजवळ दोघांच्या बेरजेइतकी.
थोड्यांच्या मेंदूत रक्त उतरलं, तेही लिहिलेलं होतं.
आमच्या डॉक्टरांनी तो कागद भिंतीवर चिकटवला.
त्यानंतर खोके बंद. सगळ्यांना दोन्ही.

मी पत्र टाकून दोन आकडे मागवले.
मागवायला नको होते कदाचित.
आयलर्ट: दोन्ही.
इंगवाल्ड: कशातच काही नाही.

हाल्डिसने कधी विचारलं नसतं.
मीच एका रविवारी तिच्या ओट्यापाशी उभी राहिले.
बटाटे सोलत होती.
मी सांगितलं. मग घाईघाईने
रिकाम्याशिवाय भरलेलं कळत नाही वगैरे,
जे बोलायचं मी घरून ठरवून आले होते.
तिची सुरी थांबली नाही.
साल तुटू न देता तिने तो बटाटा पुरा केला.

"हिवाळ्यात कितीदा एकही माणूस नसायचा बोटीवर,"
ती म्हणाली.
"तरी तो वहीत लिहायचा.
सुटली किती वाजता, पोचली किती वाजता,
उतारू शून्य.
मी म्हणायचे, हे कशाला लिहितोस?"

मग तिने दुसरा बटाटा घेतला,
आणि मला एक सुरी दिली.